वैद्या ध्यानात आहे

सूत्रधार : ...म्हणून सांगतो, ही सगळी सृष्टी तोलावर उभी आहे! एकाने मारायचं, एकाने मार झेलायचा, एकाने डोकं चालवायचं आणि एकाने जखमा भरायच्या. यातला एक जरी आपल्या जागेवरून हलला ना, तर राज्यं कोसळतात, पर्वत कोसळतात,

पैलवान : आधी टेबल कोसळतंय. माझ्या बाजूचा पाय बघ, मघापासून हलतोय.

ताई : थांबा, काहीतरी सारते खाली. हं. बसलं का?

पैलवान : बसलं. पण हे सारलंत काय?

ताई : खालचा जबडा. प्लास्टरचा आहे. एक आजोबा कवळी घेऊन गेले, साचा राहिला.

पैलवान : म्हणजे सृष्टी सध्या कुणा आजोबांच्या दाढांवर उभी आहे. चालू द्या, सूत्रधार.

सूत्रधार : तुला चेष्टा सुचतेय. ताई काय म्हणाली ते नीट ऐकलंस का?

पैलवान : ऐकलं की. 'माझी वैद्या आता पुरे, आजपासून मला तलवार हवी,' असं म्हणाल्या. त्यात न कळण्यासारखं काय आहे?

सूत्रधार : न कळण्यासारखं हे आहे की तलवार तुझ्याकडे आहे! सुरुवातीला आपण किती जण होतो आठव. मास्तर मांत्रिक होते, ते मुलाकडे राहायला गेले. खालच्या मजल्यावरची ती चोर होती,

पैलवान : खेळात. 'खेळात' हा शब्द लावत जा. मागे तू जिन्यात असंच बोललास आणि तिची सासू वर येत होती.

सूत्रधार : खेळात चोर होती, तिची बदली झाली. उरलं कोण? एक योद्धा, एक वैद्या. एक मार खाणार, एक मलम लावणार. याहून लहान टोळी होऊच शकत नाही. आणि त्यातली वैद्या आज म्हणते, मी तलवार घेते!

ताई : म्हणते नाही. घेतली. हा बघ नवीन कागद. नाव, उंची, तलवार, चिलखत. सगळं तुझ्याच नियमांप्रमाणे भरलंय.

सूत्रधार : ताई, अगं पण पुलावर आज दगडी राक्षस आहे. त्याची ताकद मी योद्धा अधिक वैद्या असा हिशेब करून बसवलीय.

ताई : बसवलायस तर बसू दे त्याला. आम्ही येतोच आहोत.

पैलवान : ताई, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण एक शंका. तो राक्षस मला हाणणार. मग मला बरं कोण करणार?

ताई : तुम्ही ढाल वापरा.

पैलवान : कुठली ढाल?

ताई : तुमच्या कागदावर आहे. तिसऱ्या ओळीत.

पैलवान : तिसऱ्या... अरेच्चा! आहे की. 'पोलादी ढाल, मोठी.' ही कधीपासून आहे?

ताई : पहिल्या दिवसापासून.

पैलवान : इतकी वर्षं मी उघड्या छातीने लढतोय आणि मला वाटायचं मी शूर आहे.

ताई : तुम्ही छापखान्यात मुद्रितं तपासता ना?

पैलवान : दुसऱ्याच्या चुका काढायची नोकरी आहे, ताई. स्वतःचा कागद कोण वाचतो? आणि खरं सांगू, ढाल शोधायची वेळच आली नाही. पडलो की तुमचा हात कपाळावर. उठलो की परत पडायला मोकळा. परवा आमच्या साहेबांनी विचारलं, रविवारी दुपारी करता काय? म्हटलं, आम्ही तिघं टेबलाशी बसतो. एक जण मनातल्या मनात एक जग रचतो आणि त्यात राक्षस सोडतो. आम्ही दोघं त्या जगातली माणसं होतो, फासे टाकतो आणि जे पडेल ते भोगतो. साहेब म्हणाले, हे तर आम्ही फासे न टाकताच करतो.

सूत्रधार : विषय भरकटवू नकोस. ताई, हे बघ, मला तुझी अडचण समजते. वैद्येचं काम जरा एकसुरी आहे, मान्य. मी तिला नवीन शक्ती देतो. दुरूनच मलम लावता येईल. जागचं उठायला नको! चालेल?

ताई : घंटा वाजली.

सूत्रधार : कुठे? हो, वाजली. बरं, वैद्या ध्यानात गेली. पैलवान, नोंद कर, परत येईल तेव्हा मलमाची ताकद दुप्पट.

ताई : वैद्या नाही म्हटलं ना मी आत्ता.

सूत्रधार : मग पंचाईत आहे. ध्यानाचा नियम फक्त वैद्येला आहे. तलवारवाली उठून गेली तर तिची पाळी बुडेल. बघ, म्हणूनच मी म्हणतो की,

ताई : बुडू दे पाळी. आत अप्पा वाट बघतायत, त्यांना तुझे नियम कुठे वाचून दाखवू? आले मी.

पैलवान : गेल्या.

सूत्रधार : चिडलीय.

पैलवान : चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांना कधी चिडलेलं बघितलं नाही. म्हणून मला भीती वाटतेय.

सूत्रधार : तूच सांग, माझं काही चुकतंय का? वडिलांना झटका आला, अप्पांची उजवी बाजू गेली, उशाशी घंटा ठेवली, तेव्हा पहिल्या महिन्यात हिच्या किती पाळ्या हुकल्या! ती उठून आत जायची, परत येईपर्यंत लढाई संपलेली असायची. नुसती पेन्सिलीला टोक करत बसायची. मला बघवेना. मग मी तो नियम लिहिला. टेबलावरून उठली की वैद्या ध्यानात. ध्यानातल्या माणसाला कुणी हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर दुप्पट शक्ती. तिचं काही म्हणून बुडत नाही त्यात.

पैलवान : फार सुंदर नियम आहे. मी घरी बायकोला सांगितला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने एक विचारलं.

सूत्रधार : काय विचारलं?

पैलवान : योद्ध्याला ध्यान का नाही, म्हणाली.

सूत्रधार : योद्धा कशाला ध्यान करेल? तो पुढे उभा असतो.

पैलवान : आणि सूत्रधाराला?

सूत्रधार : सूत्रधार टेबल सोडूच शकत नाही. तो उठला तर जग थांबतं.

पैलवान : हो ना. काय सोय आहे बघ.

सूत्रधार : टोमणा मारतोयस?

पैलवान : छे रे. मी कोण टोमणा मारणारा? मीही बसलेलाच आहे. घंटा वाजली की मी काय करतो माहितेय? माझे फासे झाकतो, घरंगळू नयेत म्हणून. एवढंच माझं योगदान. ऐक, तुला एक सांगायचंय. त्यांनी मला सांगितलेलं नाही. पण आमची आणि तुमची भिंत एक आहे आणि ती भिंत म्हणजे नुसता रंगाचा थर आहे.

सूत्रधार : काय ऐकलंस?

पैलवान : दंतमहाविद्यालयातून फोन आला होता. परगावच्या. अपघातात ज्यांचा जबडा जातो, अर्धा चेहरा जातो, त्यांच्यासाठी नवीन जबडे, कान, नाकं घडवायला शिकवतात म्हणे. तीन महिने. पहिल्या तारखेपासून. कुणीतरी ह्यांच्या हातच्या कवळ्या बघितल्या असाव्यात, आपणहून बोलावलंय. उद्यापर्यंत कळवा म्हणाले.

सूत्रधार : मग? काय म्हणाली ती?

पैलवान : 'विचार करून सांगते.'

सूत्रधार : हं. म्हणजे विचार चाललाय.

पैलवान : मित्रा, तुझ्या ताईने आजवर विचार करून कुणाला हो म्हटलंय? फोन ठेवल्यावर भांडी घासल्याचा आवाज आला. आधी घासलेलीच असणार ती, कारण ती मी आधी ऐकली होती.

सूत्रधार : मला का नाही सांगितलं तिने?

पैलवान : सांगितलं की. आत्ता. तलवार मागितली.

ताई : काय कुजबुज चाललीय? राक्षस आला का?

सूत्रधार : नाही, तुझ्यासाठी थांबवलाय. अप्पा बरे आहेत ना?

ताई : बरे आहेत. पाणी हवं होतं.

सूत्रधार : ताई, त्या महाविद्यालयाचं मला का बोलली नाहीस?

ताई : पैलवान...

पैलवान : भिंत, ताई. मी फक्त तिच्या या बाजूला राहतो.

सूत्रधार : बोलली असतीस तर काहीतरी केलं असतं ना मी! आत्ताही करता येईल. आपण चांगला पलंग घेऊ. तो बटणावर वर-खाली होणारा. दिवसा एक बाई ठेवू, ती बारापर्यंत थांबेल. आणि घंटेच्या जागी ते बिनतारी यंत्र लावू, म्हणजे तू स्वयंपाकघरात असलीस तरी तुला ऐकू येईल. परगावी असलीस तरी मोबाइलवर,

ताई : बाळ्या.

सूत्रधार : काय?

ताई : पलंग वर-खाली होईल रे. पण बटण मीच दाबणार ना?

सूत्रधार : म्हणजे?

ताई : काही नाही. जरा इकडे दे तुझे राक्षसांचे जुने कागद. हं. माझं मलम पहिल्यांदा किती प्राण भरून आणायचं?

सूत्रधार : पाच.

ताई : तेव्हा राक्षस एका फटक्यात किती प्राण घ्यायचा?

सूत्रधार : चार.

ताई : मग मी म्हटलं, दमायला होतं. तू माझं मलम आठचं केलंस. राक्षसाचा फटका?

सूत्रधार : सात. पण तो तर तोल आहे ताई! तुझी ताकद वाढली की त्याची वाढवावीच लागते. नाहीतर पैलवानाला इजाच होणार नाही, मग खेळात उरलं काय?

ताई : आता माझं मलम बाराचं आहे.

पैलवान : आणि मला फटका अकराचा बसतो. दर वेळी एकाने कमी! ही चूक मला दिसायला हवी होती.

सूत्रधार : ती चूक नाही. रात्रीचा दिवस करून जमवलंय ते. वैद्या नसेल तर टोळी मरते. असेल तर जेमतेम जगते. यालाच समतोल म्हणतात.

ताई : हो ना. जमवलंस तू. मी जितकी चांगली होत गेले तितकी मला जागची हलण्याची सोय राहिली नाही. मागच्या वर्षी घरी चाकांची खुर्ची आणलीस. छान आहे. तेव्हापासून अप्पांना रोज गच्चीवर न्यायचं माझ्याकडे आलं. मग ते औषधाचं कप्प्यांचं खोकं आणलंस, तेव्हापासून औषधं भरून ठेवायची माझ्याकडे आली. तुझं मन मोठं आहे, मला ठाऊक आहे. तू मला दर वेळी ताकद दिलीस. सुट्टी नाही दिलीस.

पैलवान : ...

ताई : पैलवान, तुम्ही गप्प का? तुम्ही गप्प बसलात की घरात कुणी आजारी पडल्यासारखं वाटतं.

पैलवान : मी ढालीकडे बघतोय, ताई. इतकी वर्षं कोरी करकरीत.

सूत्रधार : मी लिफ्टची कामं करतो, ताई. तोल म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पिंजऱ्यात माणसं असतात आणि मागच्या बाजूला लोखंडाचं वजन असतं. पिंजरा वर गेला की वजन खाली येतं. त्याच्यामुळेच तर सगळं अलगद चालतं.

ताई : त्या वजनाला कधी कुणी वर नेऊन सोडतं का? कुठल्या मजल्यावर?

सूत्रधार : वजनाला? त्याला कशाला मजला?

ताई : तेच म्हणते मी.

पैलवान : मी तर शेजारच्या दारातून येतो, मला लिफ्टच लागत नाही.

सूत्रधार : बरं. तुला तलवार हवी ना? घे तलवार. पण मग राक्षस बदलणार नाही मी. अकराचा फटका तसाच राहील. आणि मलम नाही.

ताई : नको बदलूस. दयेचा राक्षस मला नकोच आहे.

सूत्रधार : टोळी मेली तर मग मला दोष द्यायचा नाही. इतक्या वर्षांची पात्रं आहेत.

पैलवान : टोळीतर्फे मी मरायला तयार आहे. तसाही मी दर रविवारी निम्मा मरतोच.

सूत्रधार : ठीक आहे. ऐका. दरीवर जुना पूल. खाली पाणी दिसत नाही, नुसता आवाज येतो. पुलाच्या मधोमध दगडी राक्षस उभा आहे. त्याच्या खांद्यांवर गवत उगवलंय, इतकी वर्षं तो तिथून हललेला नाही. तो हात उचलतो. पहिली पाळी त्याची. रोख पैलवानावर. फासा... बसला फटका! अकरा प्राण गेले.

पैलवान : थांब. ढाल. मी ढाल पुढे केली. नियम काय ढालीचा? मला खरंच माहीत नाही.

ताई : फटका निम्मा होतो. अर्धवट राहिलं तर तुमच्या बाजूने.

पैलवान : पाच! पाचच गेले! सूत्रधार, तुझ्या राक्षसाने हाणलं आणि मी उभा आहे! कुणी मला उचललं नाही आणि मी उभा आहे!

सूत्रधार : हं. चालेल. आता तुझी पाळी.

पैलवान : मी मारत नाही. मी ढाल धरून ताईंच्या पुढे उभा राहतो.

सूत्रधार : तू योद्धा आहेस! तुझं काम मारायचं आहे.

पैलवान : आज मला झेलायचं आहे. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी झेलतोय, मला झेलू दे. माझ्या घरी मला माहीत आहे किती वजन असतं माझं. आमची मांजरसुद्धा मला बाजूला सारून बसते.

ताई : मी तलवार चालवते. वीस बाजूंचा फासा ना? किती पडायला हवेत?

सूत्रधार : चौदा किंवा वर.

ताई : नऊ.

सूत्रधार : हुकली. पातं दगडावर घासलं, ठिणग्या उडाल्या. राक्षसाची पाळी. ढालीवरच बसला. अजून पाच.

पैलवान : उभा आहे.

ताई : सहा.

सूत्रधार : परत हुकली. ताई, वैद्येचा कागद अजून इथेच आहे. मी फाडलेला नाही. म्हणशील तर,

ताई : राक्षसाची पाळी आहे ना तुझ्या?

सूत्रधार : बसला. पैलवान, किती उरले?

पैलवान : तीन. आता मी पुलावर आडवा पडलोय. ढाल अंगावर घेतलीय पांघरुणासारखी. ताई, पुढचा फटका आला की मी गेलो. तेव्हा जे काय करायचं ते आत्ता.

सूत्रधार : पोलादी ढालीवर हाणून हाणून राक्षसाला तडा गेलाय. एक घाव नीट बसला तर तो पडेल. ताई, तुझी पाळी.

(आतून घंटा वाजते. ताईच्या मुठीत फासा आहे. दोन्ही पुरुष आपापल्या कागदावर असं काही वाचू लागतात, जे तिथे लिहिलेलं नाही.)

पैलवान : घंटा.

ताई : ऐकली.

सूत्रधार : ताई, घंटा वाजतेय.

ताई : ऐकली म्हटलं ना. उठले तर माझी पाळी बुडेल. मग राक्षसाची येईल आणि पैलवान मरतील. नियम तुझाच आहे.

सूत्रधार : अगं, नियम बाजूला ठेवू. मी थांबतो ना. तू जाऊन ये.

ताई : तू नेहमीच थांबतोस, बाळ्या.

पैलवान : मी जाऊन येऊ का?

ताई : तुम्ही पुलावर आडवे आहात. तीन प्राण. हलू नका.

पैलवान : नाही हलत.

सूत्रधार : सूत्रधार उठला तर जग थांबतं, ताई. सगळं माझ्या डोक्यात आहे.

ताई : थांबू दे. त्यालाही थोडी विश्रांती.

सूत्रधार : मला... मला त्यांचं बोलणं नीट कळत नाही. तुला कळतं.

ताई : मलाही कळत नव्हतं आधी.

पैलवान : उठला. ताई, उठला तो. खुर्ची पाडली, पण गेला आत.

ताई : दिसलं मला.

पैलवान : फासा टाकत का नाही?

ताई : फासा जड आहे.

सूत्रधार : ताई! हे काहीतरी म्हणतायत! पाणी देऊ का?

ताई : आधी ऐक! त्यांच्या डाव्या बाजूला बस. तोंडाजवळ कान ने. मधे बोलू नकोस, वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो त्यांना!

सूत्रधार : 'पडला का' म्हणतायत. कोण पडला? अप्पा, कुणी पडलं नाही, ती खुर्ची होती! नाही म्हणतायत. मान हलवतायत. 'रा...'

पैलवान : राक्षस! राक्षस पडला का, असं विचारतायत!

सूत्रधार : राक्षस? यांना काय ठाऊक राक्षस?

ताई : मी सांगते. निम्म्या घंटा पाण्याच्या नसतात रे. पुढे काय झालं, त्याच्या असतात.

सूत्रधार : नाही पडला, अप्पा. अजून उभा आहे. हो... हो, ऐकतोय मी. ताई, हे म्हणतायत, 'तिच्या तलवारीपुढे किती टिकणार?' कुणाच्या तलवारीपुढे? तलवार तर आजच...

पैलवान : ताई?

ताई : काय?

पैलवान : तुम्ही अप्पांना काय सांगत आलात इतकी वर्षं?

ताई : एकदा विचारलं त्यांनी. तेव्हा बोलणं आत्तापेक्षा बरं होतं. म्हणाले, त्या खेळात तू काय असतेस? मी त्यांची पाठ पुसत होते. हातात ओला टॉवेल होता. तेव्हा 'वैद्या' म्हणवेना मला. म्हटलं, माझ्याकडे तलवार असते.

पैलवान : मग?

ताई : मग हसले. ते आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले. म्हणाले, शोभते. मग मागे कसं फिरणार? दर रविवारी सांगत गेले.

पैलवान : म्हणजे तो पंखांचा सर्प...

ताई : मी मारला.

पैलवान : आणि किल्ल्यातले ते सात जण?

ताई : तेही मीच. तुमचे सगळे विजय मी माझ्या नावावर सांगितले, पैलवान. रागावू नका.

पैलवान : सगळे? मग मी काय करतो त्या गोष्टीत?

ताई : दलदलीत बेडकाकडून हरलात ना, ते तुमच्याच नावावर ठेवलंय. अप्पांना फार आवडतं ते. पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

पैलवान : बरोबर आहे. प्रत्येकाचं काम ठरलेलं हवं. नाहीतर तोल जातो.

ताई : आतून आवाज येत नाहीये.

पैलवान : बसलाय तो त्यांच्याजवळ. दारातून पाठ दिसतेय. हात धरलाय वाटतं. नाही... अप्पांनी याचा धरलाय.

सूत्रधार : ताई.

ताई : काय रे?

सूत्रधार : पहिल्या तारखेला गाडी किती वाजता आहे?

ताई : मी हो म्हटलेलं नाही अजून.

सूत्रधार : उद्या म्हणशील. गाडी किती वाजता?

ताई : बाळ्या, तीन महिने आहेत. एक दुपार नाही. रात्री कूस बदलावी लागते. घास अडकला तर काय करायचं ते कळावं लागतं. कुठल्या हुंकाराचा काय अर्थ ते,

सूत्रधार : मला काही येत नाही, कळलंय मला. आत्ता उशी सरळ केली तर ती त्यांच्या तोंडावर आली. यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, तसं माझ्याकडे कुणी शाळेतही बघितलं नव्हतं. पण लिफ्टसुद्धा मी कुठे जन्मतः शिकून आलो होतो? पंधरा दिवस आहेत. रोज येतो कामावरून. तू शिकव. वहिनींना... म्हणजे माझ्या घरी मी सांगतो.

पैलवान : घाबरलाय. स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणाला.

सूत्रधार : मला ऐकू येतंय!

पैलवान : भिंतीच तशा आहेत तुमच्या. आणि हे बघ, मंगळवारी-शुक्रवारी माझं काम लवकर संपतं. मी येऊन बसेन. उचलणं काही मला जमणार नाही, पण वाचून दाखवेन. बेडकाची गोष्ट माझ्याच तोंडून ऐकतील, मला त्यात काही तपशील दुरुस्त करायचे आहेत.

ताई : मंगळवारी... शुक्रवारी...

पैलवान : ताई, रडताय का?

ताई : नाही. प्लास्टरची धूळ. ह्या घरात सगळीकडे असते.

पैलवान : हो, असते खरी. माझ्याही डोळ्यात गेली.

ताई : सकाळची आहे रे गाडी. सव्वासातची.

सूत्रधार : बरं. मी स्टेशनवर नाही येणार हं सोडायला. मी इथे थांबेन.

ताई : हो. तू इथेच थांब.

पैलवान : ताई, मला घाई करायची नाही, पण मी अजून पुलावर आडवा आहे. आणि जग थांबलं असलं तरी माझी कंबर थांबलेली नाही.

ताई : सूत्रधार टेबलावर नाही. फासा टाकलेला चालेल का?

पैलवान : बाळ्या! ताई फासा टाकतायत! चालेल का?

सूत्रधार : टाक! चौदा किंवा वर! मी इथून विश्वास ठेवतो!

ताई : पडला. पैलवान, तुम्ही बघा. मी नाही बघत.

पैलवान : ताई... सतरा.

ताई : सतरा?

पैलवान : सतरा. मी दोनदा तपासलं. हे माझं काम आहे.

ताई : लागला मग.

पैलवान : लागला. म्हणा ना तुम्हीच.

ताई : लागला. पडला राक्षस.

सूत्रधार : ताई, अप्पा म्हणतायत, जरा मोठ्याने मार. आतपर्यंत ऐकू येत नाही.